गाडी त्यांची घ्या, बेत आपला करा: उदगीरहून हंपीपर्यंत

उदगीरातल्या ज्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडून आम्ही हंपीसाठी गाडी केली, त्यांचं नाव इथं लिहीत नाही. एक तर मालकांचं घर आमच्या गल्लीच्या पलीकडंच आहे आणि त्यांच्या दोन्ही सुनांच्या ब्लाऊजची मापं माझ्या वहीत आहेत. दुसरं, त्यांच्याबद्दल जी तक्रार आहे ती लातूर, नांदेड, बीड, कुठल्याही गाडीवाल्याला थोड्याफार फरकानं लागू पडेल. निकाल आधीच सांगून टाकते. गाडीला पाचपैकी चार. ड्रायव्हरला पाचपैकी पाच. आणि 'हंपी-बदामी स्पेशल' म्हणून त्यांनी जो छापील कागद हातात दिला, त्याला शून्य.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, हे पुढं कामाला येईल म्हणून सांगून ठेवते. आत्याबाईंचे गुडघे गेलेत, जिद्द गेलेली नाही. त्यांचं माहेर भालकीकडचं, त्यामुळं कानडी त्यांच्या घरातलीच. कर्नाटकात गेल्यावर या एका गोष्टीचा जेवढा उपयोग झाला तेवढा मोबाईलचा झाला नाही.

आता तो कागद. पहिला दिवस: बीदर दर्शन आणि मुक्काम. दुसरा दिवस: कलबुर्गी दर्शन आणि मुक्काम. तिसऱ्या दिवशी विजापूर 'धावती भेट' आणि रात्री बदामी. चौथ्या दिवशी पहाटे हंपीकडं. उदगीरहून बीदर पासष्ट-सत्तर किलोमीटर आहे. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता, आमच्या घरातली जुनी माणसं कोर्टकचेरीला बीदरलाच जायची. उदगीरच्या माणसाला बीदरात मुक्कामाला ठेवणं म्हणजे शेजारच्या घरी अंथरूण घेऊन झोपायला पाठवण्यासारखं आहे. बीदर कमी प्रतीचं आहे असं मुळीच नाही. महमूद गावानचा १४७२ चा मदरसा, तो किल्ला, अष्टूरच्या कबरी, नानक झिरा गुरुद्वाऱ्याचा लंगर, बिदरी कामाची दुकानं, हे सगळं बघायलाच पाहिजे. पण ते एखाद्या रविवारी, डबा घेऊन. लांबच्या प्रवासातला पहिला ताजातवाना दिवस आणि एका रात्रीचं लॉजचं भाडं त्यावर कशाला घालवायचं?

मालकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळे असंच जातात की." सगळे असंच जातात, कारण कागद असाच छापलाय. कागद असा का छापलाय, ते पैशाचा हिशोब बघितल्यावर कळतं.

किलोमीटरला १४ रुपये, एसी त्यातच. रोजचे किमान ३०० किलोमीटर धरणार. ड्रायव्हर भत्ता वेगळा. टोल, पार्किंग आणि परराज्याचा काही कर लागला तर तो आपल्याकडं. हा सगळीकडचाच रिवाज आहे, त्याबद्दल भांडण नाही. पण किमान ३०० चा अर्थ नीट समजून घ्या. उदगीर, विजापूर, बदामी, हंपी आणि परत, असा सगळा फेरा बाराशे किलोमीटरच्या आसपास होतो. पाच दिवस गाडी ठेवली की दीड हजाराचे पैसे द्यायचेच, गाडी चालो न चालो. म्हणून जितके मुक्काम जवळजवळ, तितका मालकाचा फायदा. गाडी उभी, डिझेल शिल्लक, मीटर मात्र ३०० चा.

त्याहून बारीक गोम म्हणजे रोजचा हिशोब रोज की शेवटी एकत्र? रोज केला तर साडेतीनशे चाललेल्या दिवसाचे साडेतीनशे लागतात आणि हंपीत चाळीस चाललेल्या दिवसाचेही तीनशे लागतात. शेवटी एकत्र केला तर जास्त चाललेलं कमी चाललेल्यात जिरतं. मी मालकांकडून हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं: एकूण दिवस गुणिले ३००, आणि प्रत्यक्ष किलोमीटर, दोन्हींत जे जास्त असेल ते, शेवटी एकदाच. आणि गाडी दारात आली की मीटरचा फोटो काढला. ह्यांना ते जरा लाजल्यासारखं झालं. मला नाही झालं. मी कपडा मापून घेते, किलोमीटर का घेऊ नयेत?

आणखी एक विचारा, पाटी पिवळी आहे का. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी दोन-तीन रुपये स्वस्तात देणारे पुष्कळ आहेत, पण ती भाड्यानं चालवायची परवानगी नसते. परराज्यात अडवली तर दंडापेक्षा खोळंबा महाग पडतो, आणि अपघात झाला तर विम्याचं झेंगट वेगळंच. आम्हाला मिळाली ती पिवळ्या पाटीची अर्टिगा होती, पर्यटन परमिटची. तिला ऐंशीच्या पुढं जाऊ न देणारं यंत्र असतं. लेक पहिल्या तासात वैतागली, आत्याबाई खूष. गाडीचा एक गुण कापला तो मागच्या सीटसाठी. तिथं मोठी माणसं दोन तासांपेक्षा जास्त बसू शकत नाहीत, आणि ती सीट उघडली की सामानाला जागा उरत नाही. चौघांना ही गाडी ऐसपैस, सहा जण असाल तर मोठी घ्या किंवा वर कॅरेज लावून ताडपत्री बांधायला सांगा.

बेत मी पिको मशीनवर बसूनच केला, गिऱ्हाईक नसताना. लेकीनं मोबाईलवर अंतरं काढून दिली. त्यात एक गोष्ट लक्षात आली आणि मला तिचं नवल वाटलं. नांदेडहून जो राष्ट्रीय महामार्ग ५० निघतो, तो उदगीर, बीदर, हुमनाबाद, कलबुर्गी, जेवर्गी, सिंदगी, विजापूर, हुनगुंद, इलकल, कुष्टगी करत होसपेटवरून पुढं चित्रदुर्गला जातो. म्हणजे आमच्या गावातून जाणारा रस्ता नंबर न बदलता हंपीच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो. इतकी वर्षं आम्ही त्याला नांदेडचा रोड म्हणतो. मग बेत सोपा झाला. हा रस्ता कणा धरायचा आणि जिथं बाजूला वळण्यासारखं असेल तिथं वळायचं. पहिल्याच दिवशी विजापूर गाठायचं, म्हणजे पुढचे दिवस मोकळे.

पहाटे पाचला निघालो. ड्रायव्हर तिशीतला, उदगीरचाच. आल्या आल्या त्यानं आत्याबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागं सरकवली आणि पायाखाली प्लॅस्टिकचा छोटा स्टूल ठेवला. तो स्टूल त्यानं घरून आणला होता. "आज्जीला पाय लोंबकळून सुजतात की," म्हणाला. पाच गुण तिथंच दिले.

हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचं दर्शन घेतलं. सकाळी गर्दी नसते, अर्ध्या तासात होतं. कलबुर्गीत नाष्टा. तिकडं सुसला मिळतो, आपला सुशीलाच तो, चुरमुऱ्यांचा, पण सोबत मिरचीचं भजं हवंच. शहरात आम्ही फक्त किल्ल्यातली जामा मशीद पाहिली, १३६७ ची. बाकी मशिदींना असतं तसं उघडं अंगण हिला नाहीच, सगळी जागा घुमटांनी झाकलेली. आतल्या कमानींच्या रांगांत लेकीनं इतके फोटो काढले की शेवटी ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. बंदेनवाज दर्गा आणि शरणबसवेश्वर आम्ही आधी केलेलं होतं. तुमचं नसेल तर दुपारपर्यंत थांबा. गाणगापूरला जायचं असेल तर मात्र ते या फेऱ्यात कोंबू नका, त्याला वेगळा दिवस द्या.

जेवर्गी ते सिंदगी या पट्ट्यात बघण्यासारखं काही नाही असं मालक म्हणाले होते. जानेवारी होता. दोन्ही बाजूंनी तुरीची काढणी चाललेली, कुठं कुठं रस्त्यावरच पीक पसरून ठेवलेलं, गाड्यांच्या चाकाखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि लातूरचा बाजार तुरीवर उभा आहे, तेव्हा आमच्या ह्यांनी खिडकीतून बघत भावाचा अंदाज बांधण्यात दीड तास आनंदात घालवला. प्रत्येकाचं बघण्यासारखं वेगळं असतं.

विजापूर (पाटीवर विजयपूर असतं, घाबरू नका) साडेतीन-चारपर्यंत. ऊन उतरल्यावर इब्राहिम रोजा, आणि गोल घुमट दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडल्या उघडल्या. हा क्रम उलटा करू नका. घुमटाखालच्या गॅलरीत एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, आवाज सात वेळा घुमतो म्हणतात. पण नऊनंतर शाळांच्या सहली आल्या की वर नुसत्या किंकाळ्या. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आहे आणि मधे एकही खांब नाही. वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे जिने, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे. आत्याबाई खाली बागेत बसल्या आणि कानडीत कुणाच्या तरी सुनेची चौकशी करत राहिल्या. समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, बदामीचं आणि हंपीजवळच्या कमलापूरचंही तसंच. त्यामुळं वार बघून निघा.

छापील कागदावर मुलूखमैदान तोफेचं नाव नव्हतं. उदगीर-लातूरच्या गाडीवाल्यानं नेमकं हेच गाळावं याचा राग आला, कारण ती तोफ आपल्या मराठवाड्यातून तिकडं गेलेली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. पंचावन्न टनांची. तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती. त्या काळच्या रस्त्यांवरून, भीमा ओलांडून, ती कशी नेली असेल हा विचार करत आमचे हे बुरुजावर बराच वेळ उभे होते. पाहायला वीस मिनिटं लागतात.

यानंतरचा भाग आत्याबाईंचा होता. आम्ही लिंगायत. महात्मा बसवेश्वरांचं जन्मगाव बसवन बागेवाडी विजापूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, कूडलसंगम त्याच्या पुढं, आणि दोन्ही महामार्गापासून थोडंच आत. बसवकल्याण आमच्या हाताशी आहे, तिथं कितीदा गेलोय. पण जिथं ते शिकले आणि जिथं ऐक्य झाले ते संगम आत्याबाईंनी पाहिलंच नव्हतं. उदगीरहून गाड्या भरभरून हंपीला जातात, त्यांतली निम्मी माणसं तरी बसवण्णांना मानणारी असतील, आणि कागदावर कूडलसंगम नाही! विचारल्यावर मालक म्हणाले, "तिकडं पार्टी थांबत नाही." पार्टीला सांगितलं तर थांबेल ना.

कृष्णा आणि मलप्रभा तिथं भेटतात. पुढं नारायणपूरचं धरण झाल्यावर पाण्याचा फुगवटा चढला, म्हणून ऐक्यस्थळाभोवती मोठी गोल विहिरीसारखी भिंत बांधून ते आत राखलंय. पुलावरून चालत जायचं, मग गोल जिन्यानं खाली. चहूकडं नदी आणि आपण तिच्या पातळीच्या खाली उभे. गुडघ्यांचं काय होणार म्हणून मी धास्तावले होते. ड्रायव्हर गाडी लावून मागून आला, "आज्जी, नडी," म्हणजे चला, म्हणाला आणि एक हात धरून पायरी-पायरीनं उतरवलं. वर यायला फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही, मागून येणाऱ्यांनीही नाही. बसवण्णांच्या प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कूडलसंगमदेव' म्हणत मोठ्या झालेल्या बाईनं ती जागा बघणं, याच्या मोबदल्यात माझी हंपी रद्द झाली असती तरी चाललं असतं. जेवण तिथंच दासोहात, म्हणजे अन्नछत्रात, पंगतीला.

अमीनगडला करदंट घेतला. डिंक, गूळ, सुकामेवा, आपल्या डिंकाच्या लाडवाचा वडीसारखा भाऊ. पोटभर घ्या, पुढं हंपीत जेवणाची वेळ चुकली की हाच कामाला येतो. ऐहोळे आणि पट्टदकल दुपारनंतर. ऐहोळ्याला मेगुतीच्या टेकडीवर रविकीर्तीचा ६३४ चा शिलालेख आहे, चालुक्य राजा पुलकेशीनं हर्षाला हरवल्याचा आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा त्यात उल्लेख आहे. टेकडी लेक आणि हे चढले. पट्टदकलच्या विरुपाक्ष मंदिरासमोर गेल्यावर लेक म्हणाली, "हे वेरूळसारखं दिसलालंय." बरोबरच. आठव्या शतकात राणी लोकमहादेवीनं पल्लवांवरच्या विजयासाठी ते बांधवलं आणि वेरूळचं कैलास लेणं त्याच्या धर्तीवर खोदलं गेलं असं अभ्यासक मानतात. वेरूळ पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसानं पट्टदकल सोडू नये. घाई असेल तर ऐहोळे सोडा.

बदामीची लेणी सकाळी केली. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा लेख आहे, खांबांवरच्या जोड्यांच्या अंगावरचे दागिने आणि वस्त्रांच्या निऱ्या बघत मी अडकून पडले. माकडं पिशव्या ओढतात, हातात खायचं काही ठेवू नका. मग बनशंकरी. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, ज्वारीची पातळ कडक भाकरी, लाल चटणी, दही. लॉजमधल्या इडलीवर पैसे घालवायची गरज नाही.

इथून कागद म्हणत होता सरळ गजेंद्रगडवरून होसपेट. अंतर कमी पडतं, खरं आहे. मी गाडी उलटी फिरवायला लावली: गुळेदगुड्ड, परत अमीनगड, हुनगुंद, इलकल. माझ्या धंद्याची काशी-पंढरी याच रस्त्यावर आहे.

गुळेदगुड्ड म्हणजे खण. आपल्याकडं देवीच्या ओटीत घालतो तो खरा खण इथला. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्यांची फॅशन आली तसा बाजारात पॉलिस्टरचा रुंद पन्ह्याचा खण ढिगानं आला. माझ्याकडं तोच येतो शिवायला. सुई चालताना कळतं, घसरतो. इथल्या हातमागावरच्या खणाचा पन्हा अरुंद, कारण तो मुळात चोळीसाठीच विणलेला. नक्षी अंगात भरलेली, हत्तीच्या पावलाची, रथाची, सूर्याची. मागावर बसलेल्या आजोबांना आत्याबाईंनी कानडीतून विचारलं, किती वर्षं? त्यांनी नुसतं मागच्या भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं, वडिलांच्या. घेतलेल्या खणांचा आकडा ह्यांना सांगितलेला नाही, तेव्हा इथंही लिहीत नाही.

इलकलला मात्र संध्याकाळच झाली असती, ड्रायव्हरनं ओढून काढलं म्हणून बरं. इरकल, म्हणजे इथली साडी, कुणाला सांगायची गरज नाही, मराठवाड्यात म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर तीच. पण खरी-खोटी कशी ओळखायची ते सांगते, कारण दुकानदार सांगत नाहीत. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. अंग सुती असलं तरी पदर रेशमी. विणायच्या आधी हे दोन ताणे एकेक धागा फासात अडकवून जोडतात, त्याला तिकडं कोंडी म्हणतात. साडी उलटी करा आणि जिथं पदर सुरू होतो तिथं बोट फिरवा, फासांची आडवी ओळ लागते. यंत्रमागाच्या नकलेत ती नसते, कारण ताणा एकच असतो आणि पदरात फक्त बाणा, म्हणजे आडवे धागे, बदलतात. पदर लाल, त्यावर पांढऱ्या रेषांत फणीचे दात, किल्ल्याचे कंगोरे, ज्वारीचं कणीस. काठ गोमी आणि परसपेठ हे जास्त चालतात. पहिल्या दुकानात मी पदर उलटा करून बोट फिरवलं तेव्हा मालकानं सेल्समनला हाक मारून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला लावला. ड्रायव्हर आम्हाला त्यांच्या 'ठरलेल्या' दुकानात नेत होता, तशी मालकांची सूचनाच होती. मी नाही म्हणल्यावर त्यानं वाद घातला नाही, गाडी बाजारपेठेत लावून दिली. आत्याबाईंनी नऊवारी घेतली, हिरवी. तिला फॉल लागत नाही, ती माझी एक कमाई बुडाली.

अंधार पडायच्या आत होसपेट गाठा. या भागात जानेवारीत उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सातनंतर मी चालवत नाही, पैसे कापा पायजे तर." अशा ड्रायव्हरचे पैसे कापू नयेत. त्याच्या झोपायचं काय, तेही आधी ठरवा. भत्ता दिला म्हणून तो गाडीत झोपेल असं गृहीत धरतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या हातात आपला जीव देतात. लॉज घेताना ड्रायव्हरला खोली किंवा निदान खाट आहे का, हे विचारूनच घ्या. आम्ही दोन ठिकाणी त्यामुळं लॉज बदलले.

हंपीबद्दल कमी लिहिते, इतरांनी भरपूर लिहिलंय. राहायला कमलापूर किंवा होसपेट. नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीतल्या झोपड्यांची जुनी वर्णनं वाचून जाल तर फसाल, ती गेस्ट हाऊसं २०२० मध्ये पाडली. विठ्ठल मंदिराच्या आधीच गाडी थांबते, पुढं बॅटरीची गाडी, तिच्या रांगेत सकाळी लवकर उभं राहा. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ तिथंच. पण आपल्यासारख्यांनी रथाच्या मागं गाभाऱ्यातही डोकवावं. रिकामा आहे. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायानं इथं आणला आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, तो परत नेला अशी आपली कथा आहे. लेकीला ती मी तिथल्या पायरीवर बसून सांगितली. शेजारचा गाईड थांबून ऐकत होता. त्याच्या गोष्टीत भानुदास नव्हते.

हंपीला एक दिवस धरणारे चूक करतात. दोन पाहिजेतच, आणि दुपारी बारा ते चार खोलीत. जानेवारीतसुद्धा तो दगड तापतो.

परतीला त्याच रस्त्यानं यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. गंगावती, सिंधनूर, मस्की, लिंगसुगूर, शोरापूर, जेवर्गी, कलबुर्गी. सिंधनूरच्या आसपास तुंगभद्रेच्या डाव्या कालव्यावर भातशेती, डोळ्यांना गारवा. मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे. बाकी बहुतेक लेखांत तो नुसता देवानंपिय, पियदसी असतो. १९१५ मध्ये इथं सापडलेल्या लेखात 'असोक' हे नावच आहे, त्यामुळं देवानंपिय म्हणजे अशोक हे पक्कं झालं. गाडीवाल्याला ठिकाण माहीत नव्हतं, गावात विचारत जावं लागलं, पुन्हा आत्याबाईच कामाला आल्या. रस्ता काही पट्ट्यांत अरुंद आणि उखडलेला आहे, अंतरापेक्षा वेळ जास्त धरा. लिंगसुगूर ते जेवर्गी मधे चांगलं जेवण मिळालं नाही. करदंट संपला तो इथं.

बिल. मालकांनी दिवस गुणिले ३०० लावलं, ते कबूल होतं. त्यावर 'हंपी लोकल' म्हणून वेगळे दोन हजार आणि कूडलसंगम-इलकलचं 'रूट बदल' म्हणून एक हजार. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आणि मीटरचे दोन्ही फोटो दाखवले, तीन हजार गेले. आवाज दोघांनीही चढवला नाही. टोलच्या पावत्या फास्टॅगच्या मेसेजशी जुळवून बघितल्या, त्यात फरक नव्हता.

गाडी पुन्हा त्यांच्याकडूनच करीन. आत्याबाईंना पुढच्या वेळी श्रीशैलला जायचंय. ज्यांना नंबर पाहिजे त्यांनी दुकानावर यावं. फक्त ड्रायव्हर तोच मागा, स्टूलवाला म्हणलं की कळेल, आणि लगीनसराई सोडून. त्या दिवसांत तो वऱ्हाडाच्या गाड्यांवर असतो.